मोबाईलवरचा खेळ आणि मालकाची परवानगी

बियाण्यांच्या व्यापारासाठी जालना देशभर ओळखले जाते. त्यामुळे इथल्या मोंढ्यातील व्यापाऱ्याला एक गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याप्रमाणे शेतकरी आपल्या शेतात पिकवलेले बियाणे राखून ठेवू शकतो, पेरू शकतो आणि शेजाऱ्याला विकूही शकतो. वाण संरक्षित असले तरी त्याचा हा हक्क कायम राहतो. मात्र तेच बियाणे त्या वाणाच्या नावाची छापील पिशवी करून त्याला विकता येत नाही. दाणा वेगळा आणि छाप वेगळी. बैठे खेळ मोबाईलवर आणण्याच्या धंद्यातही नेमका हाच फरक आहे. तो न कळल्यामुळे कित्येकांची मेहनत वाया जाते.

आपल्या अनेक घरांतील मुले आता कॉम्प्युटर शिकली आहेत. एखादा पुठ्ठ्यावरचा खेळ आवडला की तो मोबाईलवर उतरवावा, असे त्यांना वाटते. वडिलांचा छापखाना असो की सुतारकामाचे दुकान, मुलाच्या या कामात घरचाच पैसा लागतो. म्हणून हा विषय केवळ मुलांचा नाही.

याबाबतीत आपल्या देशातीलच एक प्रसिद्ध प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे. कोलकात्याच्या रजत व जयंत अगरवाला या दोन भावांना स्क्रॅबल या इंग्रजी शब्द जुळवण्याच्या खेळाची आवड होती. त्यांनी तो इंटरनेटवर खेळता येईल असा तयार केला आणि नाव ठेवले ‘स्क्रॅब्युलस’. २००७ मध्ये तो फेसबुकवर आला आणि २००८ च्या सुरुवातीला रोज सुमारे पाच लाख लोक तो खेळू लागले. परवानगी मात्र घेतलेली नव्हती. स्क्रॅबलचे हक्क दोन कंपन्यांत वाटलेले आहेत. अमेरिका व कॅनडात हॅस्ब्रो, तर उरलेल्या जगात मॅटेल. दोघीही उठल्या. जुलै २००८ मध्ये हॅस्ब्रोने न्यूयॉर्कमध्ये दावा लावला आणि काही दिवसांतच अमेरिका-कॅनडातील खेळ बंद करावा लागला. मॅटेल दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

१७ सप्टेंबर २००८ रोजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांनी दिलेला अंतरिम आदेश प्रत्येक छापखानदाराने समजून घ्यावा असा आहे. मॅटेलचे म्हणणे होते की पट, त्यावरील रंगीत घरे आणि नियम यांवर आमचा कॉपीराइट आहे. न्यायालयाला ते पटले नाही. खेळाची कल्पना कोणाच्या मालकीची नसते. आणि ती कल्पना मांडण्याचे मार्गच मोजके असतील तर त्या मांडणीवरही मक्तेदारी देता येत नाही, कारण तसे केल्यास कल्पनाच बंदिस्त होते. इथवर भाऊ जिंकले. परंतु नावावर ते हरले. ‘स्क्रॅब्युलस’ हे ‘स्क्रॅबल’शी इतके मिळतेजुळते होते की गिऱ्हाइकाची गफलत व्हावी. तो शब्द शब्दकोशातला आहे, हा बचावही चालला नाही, कारण तो शब्द त्या खेळाचे वर्णन करणारा नाही. नाव वापरण्यास मनाई झाली. पुढे त्यांनी ‘लेक्स्युलस’ हे नवे नाव घेतले, खेळात काही बदल केले आणि डिसेंबर २००८ मध्ये हॅस्ब्रोने दावा मागे घेतला. तोवर जमलेले गिऱ्हाईक विखुरले होते.

नियम मोकळे आहेत याला आपल्या पेटंट कायद्याचाही आधार आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे खेळ खेळण्याची पद्धत हा शोधच धरला जात नाही. पचीसीवरून इंग्लंडमध्ये लुडो झाला, त्यावर १८९६ मध्ये तिकडे पेटंटही घेतले गेले. आज तो कोणीही बनवू शकतो. नवी मुंबईच्या एका कंपनीने २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ काढला, त्यासाठी तिला खेळाच्या परवानगीकरिता कोणाच्या दारी जावे लागले नाही. पण उद्या कोणी ‘लुडो किंग’ हेच नाव आणि त्यातीलच चित्रे उचलली, तर तो अडचणीत येईल. (पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची गोष्टच निराळी. त्यांना मनाई करणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला आहे.)

मग नवा, मालक असलेला खेळ आवडला तर काय करावे? “मी फुकट देतो, मग परवानगी कशाला?” असे पुष्कळजण म्हणतात. हा मोठा गैरसमज आहे. स्वतःच्या अभ्यासापुरते घरी करून पाहणे वेगळे. लोकांसाठी खुले केले की किंमत शून्य असली तरी चित्रे, मजकूर आणि नाव यांचा मालक आक्षेप घेऊ शकतो. याउलट आधी विचारणाऱ्याला होकार मिळतोही. ‘डॉमिनियन’ या पत्त्यांच्या परदेशी खेळाची एका चाहत्याने केलेली इंटरनेट आवृत्ती प्रकाशकाच्या संमतीने चालली आणि २०१३ मध्ये अधिकृत आवृत्ती आल्यावर ती थांबली. कोर्टकचेरी झाली नाही.

परवानगी तोंडी चालत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३० प्रमाणे ती लेखी हवी. फोनवरचा होकार किंवा पत्राला उत्तर न येणे, यांपैकी काहीही परवानगी नव्हे. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत धरला जातो. इथेच आपला माणूस फसतो. मोबाईलवरचा खेळ जालन्यात बसून टाकला तरी दुबईत आणि लंडनमध्येही उघडतो. तेव्हा कोणकोणत्या देशांसाठी परवानगी आहे, हे लिहून घ्यावे. स्क्रॅबलसारखे दोन मालक असतील तर एकाची सही पुरत नाही. नाव वापरायचे असेल तर तेही कागदात वेगळे नमूद करावे.

परवानगी न मिळाल्यास नियम घ्यावेत. चित्रे, नियमपुस्तिकेची भाषा आणि नाव स्वतःचे करावे. ते स्वतःचे नाव मग नोंदवूनही घ्यावे. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला दर वर्गासाठी ४,५०० रुपयांत करता येतो आणि नोंदणी १० वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण होते. पुठ्ठ्याच्या खेळासाठी वर्ग २८ आहे, मोबाईलवर उतरवून घेण्याच्या प्रोग्रामसाठी वर्ग ९. दोन्ही करायचे असतील तर शुल्क दोनदा भरावे लागते. अर्जापूर्वी तेच नाव आधी कोणी घेतले आहे काय, हे ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. हा शोध खोके छापण्याआधी घ्यावा.