आधी वाळवण, मग साठवण

फुलंब्री, कन्नड, सिल्लोडचा पट्टा आता मक्याचा. खरिपाचा मका निघतो ऑक्टोबरात, नेमका परतीच्या पावसाच्या तोंडावर. तो काढता-साठवताना जे हाती लागलं, ते लिहितो.

१. उंदीर-घुशींपेक्षा ओलावा जास्त खातो. मका १४ टक्क्यांवर आल्याशिवाय पोत्यात भरू नका. ओल्या दाण्याला बुरशी धरते, अफ्लाटॉक्सिनचं विष तयार होतं आणि कोंबडीखाद्यवाले माल परत धाडतात. मापक यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि कोरडं मीठ घालून चांगलं हलवा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. मीठ काचेला चिकटलं की समजा, अजून ऊन हवं. दाताखाली दाणा फोडून सांगणारे जाणते गावोगाव आहेत. माझा भरवसा मिठावर.

२. वाळवण ताडपत्रीवरच. सांजेला गोळा करून झाका, नाहीतर दिवसभराचं ऊन दवात जातं.

३. थप्पीखाली लाकडी फळ्या हव्यात, भिंतीपासून हातभर अंतर हवं. जुना बारदाना कडक उन्हात तापवून घ्या. गेल्या साली राहिलेले सोंडे शिवणीत दबा धरून असतात.

४. मराठवाड्यात ज्वारी पेवात ठेवायचे. तोंड लिंपलं की आतला प्राणवायू संपत जाई आणि कीड गुदमरे. (पेव उघडल्या उघडल्या आत उतरणारा माणूसही गुदमरतो, म्हणून आधी वारं खेळू द्यायचं.) आजच्या हवाबंद पिशव्यांची युक्ती तीच. घरच्या ज्वारीला, डाळीला त्या जरूर वापरा, पण माल खडखडीत वाळलेला हवा.

५. धुरीच्या गोळ्या राहत्या घरात कधीही नकोत. त्यांच्या वायूनं माणसं दगावली आहेत. ते काम परवानाधारकाचं.

६. माल विकायला नेताना ट्रॉलीच्या फाळक्याच्या फटीत गोणपाट कोंबा. हमालांना आकडा न लावता पोतं उचलायला सांगा. कुरकुरतील, पण ऐकतात.

७. सगळ्यांचा मका एकदमच जाधववाडीच्या बाजारात गेला की भाव पडणारच. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. गोदामात ठेवलेल्या मक्यावर किमतीच्या ठरावीक हिश्शापर्यंत कर्ज, ६ टक्के व्याजानं, १८० दिवसांसाठी. आपली बाजार समिती ती राबवते का, हे मका सोंगायच्या आधीच विचारून ठेवा.