आधी आवाज ऐकायचा

पोरी, काल रात्री तुझी मीटिंग चालू होती तेव्हा शेजारच्या खोलीत मला तुझ्या लॅपटॉपचा पंखा ऐकू येत होता. दोन तासांत तो एकदाही खाली बसला नाही. तू हेडफोन लावून काम उरकलंस, पण यंत्र ओरडत असताना आपण कान बंद करून बसावं हे माझ्या जिवाला पटत नाही, म्हणून हे लिहून ठेवतोय.

वाळूजच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो तेव्हा नव्या पोराला सगळ्यात आधी एकच गोष्ट शिकवायचो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या हाऊसिंगवर टेकवायचं, मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची आणि गप्प ऐकायचं. धड बेअरिंग एका सुरात गुणगुणतं, कोरडं पडलेलं खरखरतं. लॅपटॉपच्या चिमुकल्या पंख्याला स्क्रूड्रायव्हर लावायला नको, पण त्याचीही बोली तीच. एकसारखा ‘सूं’ म्हणजे नुसती हवा. पंखा ठणठणीत आहे, त्याच्यावर काम जास्त पडलंय. खरखर येत असेल आणि लॅपटॉप तिरपा केल्यावर ती बदलत असेल, तर बेअरिंग गेलं. मग तेलाचे थेंब सोडत बसू नकोस, पंखाच बदलून घे. ‘टकटक’ आली तर पात्याला काहीतरी लागतंय, वायर तरी नाहीतर कचरा.

तुझा आवाज ‘सूं’चा होता. म्हणजे दुखणं पंख्याचं नाही, उष्णतेचं आहे. प्रोसेसर तापला की आतला सेन्सर पंख्याला पळायला लावतो. तरीही उष्णता हटली नाही, तर शंभर अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःचाच वेग कमी करतो, आणि मग तू म्हणतेस की लॅपटॉप हँग होतोय. पंख्याचा वेग दाबून ठेवणारी सॉफ्टवेअर मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

पेचकस हातात घ्यायच्या आधी आत राबतंय कोण ते बघ. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाब, टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयूच्या मथळ्यावर क्लिक केलंस की सगळ्यात जास्त खाणारा वर येऊन बसतो. बहुतेक वेळा उघडे राहिलेले ब्राउझरचे टॅब असतात, नाहीतर अँटिव्हायरसचं स्कॅन. अपडेट चालू असेल तर मात्र त्याला पुरं होऊ दे, मधेच तोडू नकोस. आणि पॉवर सेटिंगमध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ दिसलं तर शंभराचे ९९ करून बघ. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तेवढ्यानं प्रोसेसरची जादा उडी बंद होते. तुझ्या मेल आणि एक्सेलच्या कामाला फरक कळणारसुद्धा नाही.

आता जागा. तू गोधडीवर लॅपटॉप ठेवून बसतेस. हवा आत ओढायची जाळी बहुतेक खालच्या बाजूला असते, ती गोधडीत बुडते. पाट घे, आणि मागच्या दोन पायांखाली बाटलीची दोन झाकणं सरकव. बोटभर फट पुरते. आपल्या संभाजीनगरात मे महिन्यात पारा ४०-४२ वर जातो. खोलीच तापलेली असली तर पंख्यानं थंड हवा आणायची कुठून? म्हणून सगळे कूलरसमोर बसतात, तूही बसतेस. तू बस, पण लॅपटॉप त्या झोताबाहेर ठेव. कूलरची हवा ओली असते आणि आपल्याकडे धूळ बारा महिने. ओलीवर धूळ बसली की ती झटकून निघत नाही, तिचा लेप होतो.

तो लेप मी तुझ्या बाबाच्या जुन्या लॅपटॉपमध्ये पाहिलाय. झाकण काढलं, पंखा सोडवला, तर त्याच्या तोंडाशी, पत्र्याच्या बारीक पापुद्र्यांवर करड्या नमद्याची एक पट्टी बसली होती. धूळ, गादीचा कापूस, आणि त्यात तुझ्या आईचा एक लांब केस. चिमट्यानं धरून ओढली तर अख्खी एका तुकड्यात बाहेर आली, करंगळीएवढी. पाणचक्की पाहिली आहेस ना? डोंगराकडून खापराच्या नळ्यांनी आलेलं पाणी पडतं तेव्हा तिथलं जातं फिरतं. नळी तुंबली तर जात्याला टाकी लावून काय उपयोग? इथेही तसंच. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या चपट्या नळीतून त्या पापुद्र्यांपर्यंत नीट पोचत होती आणि तिथे नमद्यापाशी अडत होती.

उघडताना घाई नको. वॉरंटी असेल तर स्वतः उघडूच नकोस. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, आणि झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीची पिन सोडवणं. बर्फाचा ट्रे घे, जो स्क्रू जिथून निघाला त्या क्रमानं एकेका खणात टाक. स्क्रू दिसायला सारखे पण लांबी वेगळी असते, आखूड जागी लांब पिळला तर खालचा बोर्ड फुटतो. पंख्याचं पातं दातकोरणीनं अडवून धर आणि मऊ ब्रश फिरव. पातं मोकळं सोडून ब्लोअर मारलास तर ते भलत्या वेगानं फिरतं आणि बेअरिंगच जातं. पंक्चरवाल्याकडची हवा तर कधीच मारू नकोस. मी एकदा मारली होती, बाबाच्याच त्या लॅपटॉपवर. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी हवेबरोबर बोर्डावर उडालं, आणि तीन दिवस सुकवूनही कीबोर्डच्या चार कळा परत आल्या नाहीत.

बॅटरी फुगलेली दिसली, किंवा टचपॅड वर उचललेला वाटला, तर तिथेच थांब. टोचायचं नाही, दाबायचं नाही, चार्जिंगला लावायचं नाही, लॅपटॉप सरळ दुकानात न्यायचा.

सफाई करूनही तापत असेल तर थर्मल पेस्ट वाळली असेल. ते काम मी असताना करू. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसायची आणि नवी तांदळाच्या दाण्याएवढी ठेवायची. जास्त घालून जास्त थंड होत नाही.

होळी झाली की आपण कूलर माळ्यावरून उतरवतो, जुनं गवत काढतो, टपातले क्षार खरवडतो. त्याच दिवशी लॅपटॉपही काढायचा. ब्रश माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे, निळ्या मुठीचा. रंगकामाला घेऊ नका म्हणून त्याच्यावर चिठ्ठी चिकटवली आहे.