विसाराचे घड्याळ

मंडळी, बाजारात बैल पसंत पडला की आपण काय करतो? आधी विसार देतो. विसार घेतला की बैल विकणाऱ्याने शब्द दिला असे होते. मग दुसरे कोणी शंभर रुपये जास्त देऊ लागले तरी तो बैल त्याला देत नाही. दिला तर बाजारात त्याची पत जाते.

या पाठात आपण याच विसाराची गोष्ट वाचणार आहोत. ती बैलाच्या धंद्यातली नाही, घड्याळाच्या धंद्यातली आहे. हा मोठ्या कारखान्याचा धंदा नव्हे. दोन-चार माणसांनी मिळून आपल्या नावाचे घड्याळ काढायचे, असा हा लहान धंदा आहे. तुम्ही म्हणाल, आम्हांला कुठे घड्याळे काढायची आहेत? खरे आहे. पण या धंद्यात जो पेच आहे, तोच सुताराला पडतो, शिंप्याला पडतो, पापड-लोणची करणाऱ्या बचत गटालाही पडतो. माल करायला आधी पैसा लागतो. पैसा तर माल विकल्यावर येतो. मग आरंभ करावा कसा?

ब्रेगे यांची युक्ती

अब्राहम-लुई ब्रेगे नावाचे एक मोठे कारागीर होऊन गेले. त्यांचा जन्म १७४७ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल गावी झाला. १७७५ साली त्यांनी फ्रान्स देशात, पॅरिस शहरात, घड्याळाचे दुकान काढले. राजेरजवाडे आणि सरदार त्यांचे गिऱ्हाईक होते. फ्रान्सची राणीसुद्धा त्यांचे घड्याळ वापरी.

१७८९ साली फ्रान्समध्ये क्रांती झाली. सरदार पळाले. १७९३ साली राणीचा शिरच्छेद झाला. त्याच साली ब्रेगे यांनाही पॅरिस सोडून जावे लागले. १७९५ साली ते परत आले. धंदा पुन्हा उभा करायचा होता. जुने श्रीमंत गिऱ्हाईक तर पांगले होते.

तेव्हा ब्रेगे यांनी एक साधे घड्याळ काढले. त्याला एकच काटा होता. तबकडी मोठी होती. दोन तासांच्या मधली जागा पाच-पाच मिनिटांच्या रेघांनी भागलेली होती. त्या एका काट्यावरून तासही कळे आणि मिनिटांचा अंदाजही येई. सगळी घड्याळे एकाच घडणीची. म्हणून काम सोपे झाले आणि खर्च कमी आला.

१७९७ साली त्यांनी त्याचे पत्रक छापले. घड्याळाची किंमत ६०० लिव्र होती. लिव्र म्हणजे फ्रान्सचे जुने चलन. मागणी नोंदवताना पाव किंमत, म्हणजे १५० लिव्र, आधी द्यायची. बाकीचे ४५० घड्याळ हाती आल्यावर. हाच आपला विसार. हिशेब करून पाहा. चार गिऱ्हाइकांनी विसार दिला की एका घड्याळाची पुरी किंमत कारागिराच्या हाती आली. अशी सुमारे ७०० घड्याळे त्यांनी विकली.

लोकांनी आधी पैसे का दिले? ब्रेगे यांच्या कामाची आणि शब्दाची त्यांना खात्री होती. घड्याळावर नंबर असे. तो नंबर, घेणाऱ्याचे नाव आणि किंमत वहीत लिहिलेली असे. त्या वह्या आजही जपून ठेवल्या आहेत. नाव मोठे झाले तसे नकली माल विकणारेही निघाले. तेव्हा ब्रेगे तबकडीवर अगदी बारीक सही कोरू लागले. घड्याळ उजेडात तिरपे धरले तरच ती दिसे.

आजचे लहान घड्याळवाले

एच.एम.टी.चे घड्याळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. हा सरकारी कारखाना. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगळूरला तिथे घड्याळे होऊ लागली. पुढे तोटा वाढत गेला. २०१६ साली सरकारने एच.एम.टी.चा घड्याळाचा धंदा बंद करायचे ठरवले. त्याच बंगळुरात २०१८ साली एका पती-पत्नीने घड्याळाची लहानशी कंपनी काढली. त्यांचे एक घड्याळ आपल्या हवाई दलाच्या मिग-२१ विमानावरून बेतलेले आहे. अशा लहान कंपन्या आता देशोदेशी आहेत.

बहुतेक लहान घड्याळवाले घड्याळाच्या पोटातले मशीन स्वतः करत नाहीत. ते जपान किंवा स्वित्झर्लंडच्या मोठ्या कारखान्यांकडून विकत घेतात. तबकडी, काटे, काच, डबी आणि पट्टा हे आपल्या नमुन्याप्रमाणे करवून घेतात. मग जुळणी होते. घड्याळ पुढे जाते की मागे पडते, पाणी आत शिरते का, हे तपासतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. चावीचे साधे घड्याळ दिवसाला दहा-वीस सेकंद चुकले तरी ते ठीक मानतात. एवढे बारीक हे काम आहे.

अडचण अशी की सुटे भाग करणारे कारखाने पाच-दहा नगांची मागणी सहसा घेत नाहीत. भाग शेकड्याने घ्यावे लागतात. म्हणून आजचे लहान घड्याळवालेही पुष्कळदा ब्रेगे यांचीच युक्ती करतात. नमुना दाखवतात, आगाऊ पैसे घेतात आणि मग माल करतात.

हिशेब करू या

समजा, दोघांनी मिळून १०० घड्याळे करायची ठरवली. एका घड्याळाला ५,००० रुपये खर्च येतो. म्हणजे एकूण खर्च ५ लाख. विकायची किंमत ८,००० रुपये. पाव विसार म्हणजे २,००० रुपये. शंभरही गिऱ्हाइकांनी विसार दिला तर २ लाख जमले. उरलेले ३ लाख घरचे घालावे लागतील, नाही तर कर्ज काढावे लागेल.

सगळी घड्याळे विकली तर ८ लाख येतील. खर्च वजा जाता ३ लाख उरले. पण हा सगळा नफा नव्हे, बरे का! या कामात वर्ष गेले तर दोघांची मजुरी त्यातूनच निघायची. प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला १२,५०० रुपये येतात. त्यातूनच कर, कर्जाचे व्याज, जाहिरात आणि पाठवणीचा खर्च भागवायचा. परत आलेली घड्याळेही त्यातूनच दुरुस्त करून द्यायची.

आणि विसाराचे २ लाख हाती आले तेव्हा? तेव्हा तर त्यातला एक रुपयाही आपला नव्हता. विसार म्हणजे कमाई नव्हे. ते कर्जच. त्याला तारण फक्त आपल्या शब्दाचे.

इथेच पुष्कळांचा पाय घसरतो. सुटे भाग वेळेवर येत नाहीत. विसाराचे पैसे घरखर्चात जातात. मग नवा नमुना दाखवायचा, नवा विसार घ्यायचा आणि त्यातून जुन्यांचा माल करायचा. याची टोपी त्याच्या डोक्यावर! एक दिवस टोप्या संपतात आणि डोकी उरतात.

आमचे घड्याळ

आम्ही शाळेत असताना एक घड्याळ घेतले होते. त्यावर शाळेची घंटा होत असे. एके दिवशी त्याची चावी तुटली. तालुक्याच्या घड्याळजीने ते उघडून पाहिले. म्हणाला, "गुरुजी, मशीन झकास आहे. पण या घड्याळाची चावी आता मिळत नाही. काढणाऱ्यांनी धंदा बंद केला." घड्याळ कोणाचे होते ते सांगत नाही. नावाशी आपल्याला काय करायचे? ते अजून आमच्या ट्रंकेत आहे. चार आण्यांच्या चावीवाचून सबंध घड्याळ अडले. तेव्हा आम्हांला कळले की, घड्याळ विकणारा नुसते घड्याळ विकत नाही. उद्याची दुरुस्तीही तो आजच विकत असतो.

ध्यानात ठेवा

तुमचा धंदा घड्याळाचा असो, बाजेचा असो की पापडाचा असो, चार गोष्टी पाळाव्यात.

पहिली, विसाराचा पैसा वेगळा ठेवावा. घरखर्चाला त्यातून घेऊ नये.

दुसरी, दिवस सांगताना चार दिवस जास्त सांगावेत आणि माल दोन दिवस आधी द्यावा. उशीर होणारच असेल तर आपण होऊन गिऱ्हाइकाकडे जाऊन सांगावे.

तिसरी, कोणाकडून किती घेतले, काय द्यायचे, हे वहीत लिहावे. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. ब्रेगे यांच्या वहीइतकीच तुमची वही मोलाची आहे.

चौथी, विकलेला माल दुरुस्त करता येईल अशी तजवीज आधीच करून ठेवावी.

भांडवल थोडे असले तरी चालते. ते हळूहळू वाढते. पत मात्र एकदा गेली की ती बँकेत उसनी मिळत नाही.

प्रश्न

१. ब्रेगे यांनी एका काट्याचे घड्याळ का काढले?
२. ८,००० रुपयांच्या घड्याळाचा पाव विसार किती होतो? बाकी किती राहते?
३. विसार म्हणजे कमाई नव्हे, असे का म्हटले आहे?
४. तुम्ही कोणाला विसार दिला आहे का? दिला असेल तर तारीख, रक्कम आणि नाव आजच वहीत लिहा.