तळ्याच्या पाण्यातील आर्सेला ओळखण्याची रीत

तळ्यातील गाळाचा थेंब सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला असता पिवळसर तांबूस रंगाच्या वाटोळ्या चकत्या पुष्कळदा दृष्टीस पडतात. गुरांच्या यकृतातील पर्णकृमीचे अंडेही पिवळसरच असते व आकारमानातही फारसे अंतर नसते. त्यामुळे तळे दूषित समजून त्यात औषध ओतले जाण्याचा व मासे नाहक दगावण्याचा संभव असतो.

ही चकती बहुधा आर्सेला नामक कवचधारी अमीबाची असते. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी १८३० च्या सुमारास दिले. पाणवनस्पती बाटलीत खळबळून गाळ खाली बसू द्यावा, त्यातील थेंब काचपट्टीवर घ्यावा व शंभरपट मोठा करून पाहावा. आर्सेलाच्या चकतीच्या मधोमध वाटोळे छिद्र असते; जिवंत असल्यास त्यातूनच अमीबाचे बोटांसारखे पाय बाहेर येतात. पर्णकृमीचे अंडे लांबट असून त्याच्या एका टोकास झाकण असते. मध्ये छिद्र नसते. नुसत्या रंगावर विसंबणारा परीक्षक फसलाच म्हणावा, कारण आर्सेलाचे कोवळे कवच रंगहीन असते व पुढे लोह आणि मँगनीज साठून ते तांबूस होते.

आता प्रजाती कोणती, हे वरून पाहून ठरत नाही. वरच्या पातळ काचेस सुईने हलकेच टोचावे, म्हणजे कवच कुशीवर वळते. बाजूने पालथ्या वाटीसारखे, म्हणजे उंची व्यासाच्या सुमारे निम्मी दिसल्यास ती आर्सेला व्हल्गॅरिस होय. तिचा व्यास साधारणपणे मिलिमीटरचा दहावा भाग किंवा थोडा अधिक असतो. चपट्या बशीसारखे दिसल्यास आर्सेला डिस्कॉइडीस समजावी. कडेला दाते असल्यास ती आर्सेला डेंटाटा. कवचावर वाळूचे कण चिकटलेले असतील, तर मात्र तो प्राणी आर्सेला नव्हेच. डिफ्लूजिया किंवा सेंट्रोपिक्सिस असावा. प्राणी मेल्यावरही रिकामे कवच गाळात टिकते, म्हणून आत हालचाल नसली तरी वरील खुणा लागू पडतात.

आर्सेलामुळे गुरांना वा माणसांना रोग होत नाही. तथापि ती आढळली म्हणून पाणी पिण्यास योग्य ठरत नाही. गुरांमध्ये पर्णकृमीची शंका असल्यास ताजे शेण पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणीस द्यावे. तळ्याच्या थेंबावरून निदान करू नये.