हाकेला येणारी कोंबडी



झरी जामणी तालुक्यात कापूस, तूर आणि सोयाबीनच्या शेतीबरोबरच घरोघरी पाच-दहा गावठी कोंबड्या असतात. कोलाम पोडावर तर कोंबडीशिवाय अंगण क्वचितच दिसते. कोंबड्यांची देखभाल बहुधा घरची बाई करते आणि अडीनडीला तिच्याच हाती चार पैसे येतात. परंतु या कोंबड्या बऱ्याचदा अर्ध्या रानटीच राहतात. रात्री झाडावर बसतात, हाताला लागत नाहीत. त्यामुळे लस देणे राहून जाते आणि मानमोडीची (राणीखेत) साथ आली की पाहता पाहता खुराडे रिकामे होते. म्हणून कोंबडी माणसाळविणे हा केवळ हौसेचा विषय नाही. जी कोंबडी हाकेला येते, ती मोजता येते, तपासता येते आणि वेळीच वाचविता येते.

कोंबडी कशी शिकते?

आपली गावठी कोंबडी मूळ लाल रानकोंबडीच्या वंशातील आहे. घारीची भीती तिच्या अंगात असते. वरून आलेला हात तिला घारीसारखाच वाटतो. पिल्लू मात्र अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत जे जवळ हलताना पाहते, त्याच्यामागे जाण्यास शिकते. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी कलहंसाच्या पिल्लांमध्ये या गुणाचा अभ्यास केला. प्राण्यांच्या वर्तनाविषयीच्या कार्याबद्दल १९७३ चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोन शास्त्रज्ञांसोबत मिळाले. आपल्याकडे २१ दिवसांच्या रवणीनंतर पिल्ले खुडूक कोंबडीखाली निघतात व तिलाच ओळखतात. तेव्हा आधी आई माणसाळवावी. ती निर्धास्तपणे जवळ आली, की पिल्लेही तिच्यामागे येतात.

हाकेची सवय

१) रोज सूर्यास्तापूर्वी अर्धा तास, एकाच जागी मूठभर ज्वारी किंवा तांदळाची कणी टाकावी.

२) दाणे टाकण्यापूर्वी ठरावीक हाक द्यावी किंवा डबा वाजवावा. घरातील सर्वांनी तीच हाक वापरावी.

३) दाणे दोन-तीन ठिकाणी पसरावेत. कळपात चोचीच्या जोरावर थोरली-धाकटी ठरलेली असते. एकाच ठिकाणी दाणे टाकल्यास दुबळी कोंबडी उपाशी राहते व हाकेला येणे सोडते.

४) आठ-दहा दिवसांनी दाणे खुराड्याच्या तोंडाशी व नंतर आत टाकावेत. झाडावर बसणाऱ्या कोंबड्या आरंभी तीन-चार दिवस दाणापाणी देऊन खुराड्यातच ठेवाव्यात.

हाताची सवय

उकिडवे बसून, तळहात जमिनीलगत ठेवून दाणे द्यावेत. कोंबडीच्या मागे धावू नये. ती हातावर खाऊ लागली, की छातीखालून हळूच स्पर्श करावा. उचलताना दोन्ही पंख अंगाशी धरून छातीखाली हाताचा आधार द्यावा. पायांना धरून उलटी लोंबकळत नेऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हाक मारून कोंबडी कधीही धरू नये. एकदा असे घडले, की अनेक दिवसांची मेहनत वाया जाते. विकण्यासाठी धरायची असल्यास रात्री खुराड्यातून काढावी. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही व ती शांत राहते. लसीकरणाच्या दिवशी सकाळी खुराडे न उघडता एकेक कोंबडी बाहेर घ्यावी. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यावा आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात राणीखेतची लस टोचून घ्यावी. पुढील मात्रा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने द्याव्यात. आजारी कोंबडीस लस देऊ नये.

फवारणीच्या दिवसांत

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. जे विष माणसाला भोवते ते कोंबडीलाही भोवते. फवारलेल्या शेतातील किडे आणि औषध लावलेली सरकी ती सहज टिपते. म्हणून लगतच्या शेतात पेरणी किंवा फवारणी असेल त्या दिवशी कोंबड्या डालग्याखाली किंवा खुराड्यात ठेवाव्यात. चुकून बाहेर सुटलेली कोंबडी एका हाकेत परत येते, ती याच सवयीमुळे. औषधाच्या रिकाम्या डब्यात कोंबड्यांना पाणी ठेवू नये.

लळा आणि काळजी

मुलांना कोंबडीचा लळा लवकर लागतो. दाणे टाकण्याचे व संध्याकाळी कोंबड्या मोजण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. मात्र कोणती कोंबडी ठेवायची व कोणती विकायची, हे त्यांना आधीच सांगावे. मुलाच्या आवडीची कोंबडी त्याच्या नकळत विकू नये. कोंबडी हाताळल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लावावी. एकाएकी अनेक कोंबड्या मेल्यास त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला होता, हे ध्यानात ठेवावे.

माणसाळलेली कोंबडी आपले दुखणे लपवू शकत नाही. रोज हातावर खाणारी कोंबडी एखाद्या संध्याकाळी आली नाही किंवा मान टाकून बाजूला उभी राहिली, तर मालकिणीच्या ते लगेच ध्यानात येते. तिला त्याच रात्री वेगळी ठेवता येते आणि बाकीचा कळप वाचण्याची संधी मिळते. त्यासाठी खर्च रोजच्या मूठभर दाण्यांचा आणि संध्याकाळच्या अर्ध्या तासाचा. आज संध्याकाळपासूनच सुरुवात करावी.