उरलेल्या यकृताचा हिशेब

यकृताच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया ठरली म्हणजे रुग्णाचे आप्त प्रथम विचारतात तो गाठीचा आकार. आणि गाठ एक की अनेक, तिचा शिरकाव रक्तवाहिन्यांत झाला आहे किंवा कसे, यांवर पुढील आयुष्य पुष्कळ अंशी अवलंबून असते हे खरेच. परंतु हा रोग बहुधा निरोगी यकृतात उद्भवत नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी, मद्य, अथवा मधुमेह व स्थूलता यांच्या सोबतीने साठणारी चरबी यांनी वर्षानुवर्षे जर्जर केलेल्या यकृतात तो उपजतो, आणि म्हणून काय काढले याहून काय उरले याचा विचार आम्हांस अधिक करावा लागतो.

निरोगी यकृताचा पाऊण हिस्सा काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून कारभार सांभाळू शकतो. सिरोसिसने कठीण झालेल्या यकृताचा मात्र सुमारे 40 टक्के भाग शिल्लक राहील अशी खातरजमा शल्यविशारद सीटी स्कॅनवरून आधीच करून घेतात, आणि तेवढा राहत नसेल तर रोगग्रस्त बाजूस रक्त नेणारी शीर बंद करून दुसऱ्या बाजूस वाढण्याची मुदत देतात. तपासणीच्या कागदावर प्लेटलेट एक लाखाच्या खाली दिसल्या, तर आकडा रक्ताचा असला तरी तक्रार पुष्कळदा यकृताची असते: तेथील रक्तदाब वाढून प्लीहा फुगलेली असते, आणि अशा रुग्णात लहान गाठीची शस्त्रक्रियाही जोखमीची ठरते.

गाठ पूर्णपणे निघाली तरी पाच वर्षांत सुमारे 70 टक्के रुग्णांत रोग पुन्हा दिसतो. कधी जुन्याच रोगाचे सूक्ष्म अवशेष वाढतात, तर कधी त्याच आजारी यकृतात नवी गाठ उपजते. हिपॅटायटिस बी असलेल्यांत विषाणुरोधक गोळी हा धोका कमी करते, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. मद्य मात्र कायमचे वर्ज्यच.

आपल्याकडे पथ्याच्या नावाखाली रुग्णास महिनोन्‌महिने केवळ मऊभात व पेज देतात, ही प्रथा मला अत्यंत घातक वाटते. दंडाचे मांस झडलेला रुग्ण शस्त्रक्रियेतून सावरण्यास कमी पडतो, आणि डाळ, दूध, अंडी, मासे यांची त्यास नितांत गरज असते. ओळखीच्यांनी सुचविलेले काढेही घेऊ नयेत. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत.

पहिली दोन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी सीटी अथवा एमआरआय व रक्ततपासणी करावी लागते. प्रकृती उत्तम वाटते म्हणून ती तारीख चुकवू नका, आणि विषाणुरोधक गोळी डॉक्टरांस विचारल्यावाचून एक दिवसही बंद करू नका.