भिसे खिंडीच्या आधी काय खावं?

पनवेलहून पहाटे निघालेला सायकलस्वार कर्नाळ्याचा चढ ओलांडतो, खारपाड्याचा पूल, पेण, वडखळ मागे टाकतो आणि नागोठण्याला महामार्ग सोडून रोह्याकडे वळतो. तोवर साधारण साठ किलोमीटर झालेले असतात आणि समोर भिसे खिंड येते. खिंड फार मोठी नाही. रायगडसारख्या घाटवाटांच्या जिल्ह्यात तिचं नाव कुणी धसक्याने घेत नाही. तरीही लांब पल्ल्याच्या सरावात चांगल्या तयारीचे स्वार याच चढावर उतरून सायकल ढकलताना दिसतात. दोष चढाचा नसतो, खाण्याच्या हिशेबाचा असतो.

माणसाच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून ग्लायकोजेनच्या रूपाने साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पिष्टमय साठा असतो, म्हणजे १६०० ते २००० कॅलरी. त्यातला यकृतातला वाटा रात्रीच्या झोपेतच बराच खर्च होतो. बऱ्या वेगाने सायकल चालवताना तासाला ५०० ते ६०० कॅलरी लागतात. अंगातली चरबी त्यातला काही भार उचलते, पण चढावर किंवा वेग वाढवल्यावर ती पुरी पडत नाही. न खाता निघालेल्या स्वाराचा साठा तिसऱ्या-चौथ्या तासाला तळाला जातो, आणि पनवेलहून निघालेल्यांचा तो तास नेमका नागोठणे ते रोहा या टप्प्यात येतो. पाय जड होतात, हात थरथरतात, डोकं बधिर होतं, चिडचिड होते. सायकलवाले याला ‘बाँक’ म्हणतात. एकदा बाँक झाला की लगेच काही खाल्लं तरी सावरायला वेळ लागतो.

हिवाळ्यातल्या एका सरावात हे मी अगदी जवळून पाहिलं. पेणहून आमच्यासोबत निघालेला एक तरुण सायकलस्वार तयारीचा होता, सायकल उत्तम, पाय मजबूत. जर्सीच्या मागच्या खिशात त्याने शहरातल्या एका दुकानातून घेतलेले चॉकलेटचा थर असलेले बार ठेवले होते. दुकानदाराने ‘शर्यतीसाठी हेच’ म्हणून दिलेले. वडखळला एक, नागोठण्याच्या अलीकडे दुसरा असे त्याने ते वेळेवर खाल्लेही. खिंडीच्या पायथ्याशी त्याच्या पोटात कळा यायला लागल्या, मग चढावर पायांतलं बळ गेलं. तो रस्त्याच्या कडेला बसला तेव्हा त्याला स्वतःचं नाव विचारलं तरी उत्तर द्यायला क्षणभर वेळ लागत होता. साखरेचं पाणी आणि दोन केळी पोटात गेल्यावर अर्ध्या तासाने तो बोलता झाला. रोहा स्टेशनवरून गाडीने त्याला परत पाठवलं.

वेष्टनाची मागची बाजू वाचली तेव्हा उलगडा झाला. पुढे मोठ्या अक्षरांत ऊर्जा, ताकद वगैरे होतं. मागच्या तक्त्यात एका बारमागे सुमारे २० ग्रॅम प्रथिनं, भरपूर तंतू, आणि गोडव्यासाठी साखरेऐवजी माल्टिटॉल. व्यायामशाळेतून घरी आल्यावर खायला असा बार चालेल. सायकलवर तो तिहेरी अडचणीचा. प्रथिनं आणि तंतू जठरात रेंगाळतात. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल यांसारखी गोडी आणणारी द्रव्यं आतड्यात पुरती शोषली जात नाहीत, त्यामुळे पोट फुगतं, जुलाब होतात. आणि पायांना जे हवं, ते साधं पिष्ट आणि साखर, त्या बारमध्ये नावापुरतंच होतं. त्या मुलाने खाण्यात कसूर केली नव्हती, त्याच्या हाती चुकीची वस्तू दिली गेली होती. म्हणून पहिला सल्ला हाच: वस्तू घेताना पाकीट उलटं करा, कर्बोदकांचा आकडा शोधा, आणि तो दर १०० ग्रॅमचा आहे की एका नगाचा हे बघा. नगामागे २० ते ४० ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं आणि स्निग्धांश थोडे, तंतू नगण्य, असा बार सायकलवर चालतो.

आता किती खायचं. दोन-अडीच तासांच्या फेरीला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पुरतात. त्यापुढे गेल्यास सरावलेल्या स्वाराला तासाला ९० ग्रॅमपर्यंत घेता येतात, पण एका अटीवर. ग्लुकोज शोषणारी आतड्यातली वाट तासाला साधारण ६० ग्रॅमला भरून जाते. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे. दोन्ही एकत्र घेतले तरच वरचे ३० ग्रॅम अंगी लागतात, नाहीतर ते पोटात तसेच राहून मळमळ आणतात. आपली साखर आणि उसाचा गूळ यांत मुख्यतः सुक्रोज असतं, म्हणजे निम्मं ग्लुकोज आणि निम्मं फ्रुक्टोज. तांदळाचं पिष्ट पचून ग्लुकोज होतं. भात आणि गूळ एकत्र खाणाऱ्याला ही दुहेरी वाट आपोआप मिळते.

महागड्या परदेशी बार आणि एनर्जी जेलशिवाय लांब शर्यत होत नाही असं नव्या स्वारांना वाटतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो. पॉवरबार १९८६ साली बाजारात आणणारा ब्रायन मॅक्सवेल हा कॅनडाचा मॅरेथॉन धावपटू. १९८३ साली लंडनच्या शर्यतीत २१व्या मैलाला त्याची शक्ती संपली, आणि त्या अनुभवातून त्याने घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग सुरू केले. पुढे त्याच बारांचा कंटाळा आलेल्या व्यावसायिक सायकलपटूंसाठी ॲलन लिम या शरीरशास्त्रज्ञाने आणि मूळ केरळच्या बिजू थॉमस या बल्लवाने भाताच्या वड्या केल्या, त्या कागदात गुंडाळून खिशात दिल्या. टूर द फ्रान्सच्या संघांत आज भाताच्या वड्या सर्रास असतात.

कोकणातल्या माणसाला ती वडी ओळखीची वाटेल, कारण ती जवळजवळ आपली खांडवीच आहे. तांदळाचा रवा भाजून गूळपाण्यात शिजवायचा, आलं, चिमूटभर हळद, मीठ घालायचं, थापायचं आणि कापायचं. शर्यतीसाठी तूप अगदी कमी करा आणि ओला नारळ गाळा. नारळाचा स्निग्धांश पचन मंदावतो, शिवाय दमट हवेत तो दुपारपर्यंत आंबतो. मीठ मात्र नेहमीपेक्षा थोडं जास्त. हिशेब सोपा आहे. १०० ग्रॅम तांदळाच्या रव्यात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदकं, ७५ ग्रॅम गुळात सुमारे ७०. सहा वड्या पाडल्या तर प्रत्येकीत २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बाजारातल्या एका जेलइतकी. तासाला दोन वड्या आणि बाटलीतलं साखरपाणी एवढ्यावर मध्यम वेगाची सायकल छान चालते. रात्री केलेल्या वड्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच वापराव्यात.

पेणचे पोहे आणि पोह्याचे पापड प्रसिद्ध आहेत. पापड सायकलवर उपयोगाचा नाही, पोहे मात्र सुरुवातीच्या जेवणाला उत्तम. कोरड्या पोह्यांत वजनाच्या तीन चतुर्थांशाहून अधिक कर्बोदकं असतात आणि ते पटकन पचतात. निघण्याआधी दोन-तीन तास, बटाटा घातलेले, कमी तेलाचे, मिरची जवळजवळ नसलेले फोडणीचे पोहे खावेत. दडपे पोहे कितीही आवडीचे असले तरी कच्चा कांदा आणि ओलं खोबरं त्या सकाळी टाळा. वडापाव आणि मिसळीचं आकर्षण महामार्गावर पावलोपावली आहे, पण तळलेलं आणि तिखट जठरात अडकून राहतं आणि चढावर वर येतं. शेंगदाणा चिक्कीबद्दलही गैरसमज आहे. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, त्यामुळे चिक्कीच्या तुकड्यातला बराचसा भाग हळू पचणारा. रात्रीच्या संथ टप्प्यात ती ठीक, खिंडीच्या आधी नको. केळं चांगलं: मध्यम आकाराच्या केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. मीठ लावलेला उकडलेला बटाटा गोडाचा वीट आल्यावर जीव वाचवतो, आणि तो वीट सहा-सात तासांनी प्रत्येकाला येतोच.

जेल टाकाऊ नाहीत. जोरात चढ मारायचा असेल, चावायला सवड नसेल, तेव्हा त्यांना पर्याय नाही. फक्त बहुतेक जेल घट्ट असतात, त्यांच्यासोबत चार-पाच घोट साधं पाणी हवं. कॅफिनचे जेल पहाटेची झोप घालवण्यासाठी राखून ठेवावेत.

पाण्याचं आणि मिठाचं गणित कोकणात वेगळं आहे. हवा दमट असल्याने घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, आणि शरीर आणखी घाम सोडतं. लिटरभर घामासोबत साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, काहींचं निम्मं, काहींचं दुप्पट. काळ्या जर्सीवर पांढरे पट्टे उमटत असतील तर तुम्ही जास्त मीठ गमावणाऱ्यांत आहात. आपला घाम मोजण्याची रीत सोपी आहे. तासाभराच्या फेरीच्या आधी आणि नंतर वजन करा. जितके किलो घटले तितके लिटर, त्यात प्यायलेलं पाणी मिळवा. नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलेलं आढळलं, आणि शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांच्यात हे प्रमाण अधिक होतं.

घरचं पेय असं करा: एक लिटर पाणी, ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, लिंबू किंवा कोकमाचं आगळ. ओआरएसकडून मात्र ऊर्जेची अपेक्षा ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ते क्षारांसाठी आहे, आणि पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच विरघळवायची. ओआरएस नाव लावून विकली जाणारी गोड पेयं वेगळी. त्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात हा शब्द वापरायला केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी; सोबत मीठ चाटावं.

महाराष्ट्राने या खेळात मोठी माणसं दिली आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या गटात रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पार केली. त्यांच्या मागे सपोर्टची गाडी आणि खाण्याची वेळ सांभाळणारी माणसं होती. ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायची लांब पल्ल्याची फेरी, करणाऱ्याला ती सोय नाही. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत. आणि नियमानुसार बाहेरची मदत फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या तपासणी ठाण्यावर, घेता येते. दोन कंट्रोलच्या मधलं सगळं खिशातच हवं. ‘भूक लागली की बघू’ हे इथे चालत नाही. घड्याळाला दर वीस मिनिटांचा इशारा लावा आणि पहिल्या तासापासून थोडंथोडं खा.

पोटालाही सराव लागतो. शर्यतीच्या सहा-आठ आठवडे आधीपासून लांब फेरीत तेच खाणं, तीच मात्रा ठेवत न्या. तासाला ४० ग्रॅमवरून हळूहळू वर चढा. पेण-रोहा-पेण हा पट्टा त्यासाठी चांगला आहे, कारण तिथे उष्मा, चढ आणि मधूनमधून दुकानं असं सगळं मिळतं. शर्यतीच्या दिवशी मित्राने दिलेला नवा बार तोंडात टाकू नका.

मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी यातले साखरेचे आणि मिठाचे आकडे आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावेत. आणि रोह्याहून संध्याकाळी चणेरा-साळावकडे निघणार असाल, तर बाटल्या, केळी आणि मीठ रोह्याच्या बाजारातच भरून घ्या. पुढे कुंडलिकेच्या काठाने जाताना रात्री दुकान उघडं सापडेल या भरवशावर राहू नका.